रीलमधला बिनबीमचा स्लॅब चकलांब्यात टाकता येईल का?

इन्स्टावर बांधकामाची रील्स बघत असाल तर हा स्लॅब तुमच्याही समोर आला असेल. खाली मोठं पार्किंग, मधे कॉलमची गर्दी नाही, वर एकही बीम लोंबत नाही. सोबत दावा असतो की हा 'पीटी स्लॅब' आहे, सळई कमी, सिमेंट कमी. मग गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात घर काढलेला माणूस ठेकेदाराला विचारणारच, आपला असा का नको?

पीटी म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड. सोप्या भाषेत, काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या तारा ताणलेला स्लॅब.

बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. धाव गार होताना आक्रसायची आणि सगळे लाकडी तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जायचे. पीटीत हेच होतं. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून त्याला आधीच दाबून ठेवायचं. या कल्पनेचं पेटंट फ्रेंच इंजिनिअर युजीन फ्रेसिने यांनी 1928 मध्ये घेतलं होतं.

स्लॅब भरण्याआधी चपट्या नळ्या टाकतात. त्यांत सात तारांचा पीळ असलेल्या केबल्स असतात, जाडी बहुतेक वेळा 12.7 मिमी. या केबल्स सरळ नसतात. कॉलमवर उंच आणि दोन कॉलमच्या मधे खाली, अशा झोळीसारख्या असतात. तीन ते पाच दिवसांत काँक्रीटला पुरेशी ताकद आली की जॅक लावून एकेक केबल साधारण 14 टनांनी ओढतात. ओले कपडे टाकलेली दोरी ताणली की मधला झोळ वर येतो ना, तशीच केबल स्लॅबला खालून उचलून धरते.

फायदा इथून सुरू होतो. दोन कॉलममधलं अंतर 9 मीटर असेल तर साध्या सपाट स्लॅबला 280-300 मिमी जाडी लागते. पीटीत 200-225 मिमीत भागतं. जाडी 8 सेंमीने जरी कमी झाली तरी हजार चौरस फुटांमागे सात घनमीटरच्या वर काँक्रीट वाचतं, म्हणजे मोठी एक मिक्सर गाडी. त्यात वाळूही आली. गोदाकाठच्या वाळूवरून गेवराईत काय काय चालतं हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय वजन कमी, म्हणून पायावरचा भार कमी. बीम गेले की प्रत्येक मजल्याची उंचीही घटते. दहा-बारा मजल्यांत तेवढ्याच उंचीत एखादा मजला जास्त बसू शकतो. तो फायदा बिल्डरचा. फ्लॅटच्या दरात तो उतरेलच असं नाही, हे माझं मत.

मग चकलांब्यात का नको?

कारण दहा बाय बाराच्या खोलीला मुळात पाच इंचांचा साधा स्लॅब पुरतो. त्यात वाचवायचं काय? घरकुलाचं अनुदानही मर्यादितच. एवढ्याशा कामासाठी जॅक, केबल आणि अनुभवी टीम आणणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मंगल कार्यालय बांधत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टेजच्या समोर कॉलम नसण्याला किंमत आहे. पण शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी विसरू नका. भूकंपाचा आडवा धक्का एरवी बीम आणि कॉलम मिळून घेतात. बीम काढले तर त्यासाठी काँक्रीटच्या भिंती द्याव्या लागतात. रीलमध्ये त्या दिसत नाहीत.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे ग्राउटिंग. केबल ताणल्यावर नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरतात. पोकळी राहिली आणि पाणी शिरलं की तार आतून गंजते, बाहेरून कळतही नाही. पणजीचा मांडवी पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. तोही ताणलेल्या केबल्सचाच पूल होता आणि गंजलेल्या केबल्स हे पडण्याचं मुख्य कारण मानलं गेलं. पुलाला खारी हवा होती, घरातल्या स्लॅबला तेवढा धोका नाही. पण गच्चीची गळती आणि बाथरूमचं पाणी असतंच.

हे वाचणारे अनेकजण बीडकडून येऊन पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरत असतील. तुमची इमारत पीटीची असेल तर बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून केबलचा नकाशा मागून घ्या. झुंबर, एसीचा पाइप, नवीन ड्रेनेज, कशासाठीही स्लॅबला ड्रिल लावण्याआधी तो मिस्त्रीला दाखवा. साध्या स्लॅबात एखादी सळई कापली गेली तर बऱ्याचदा निभावतं. इथे कापली जाणारी तार 14 टनांनी ओढलेली असते आणि ती पुन्हा ताणायला इंजिनिअरची टीमच बोलवावी लागते. नकाशा नसेल तर आधी स्कॅन करून केबल कुठून गेलीय ते शोधून घ्या. त्याचा खर्च दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी येतो.