वेताचे चिलखत

उरण तालुक्यातील घारापुरीच्या लेण्यांत देह आणि त्याचे घर एकाच कातळातून कोरले आहे. मूर्ती भिंतीपासून वेगळी काढता येत नाही. देह आणि निवारा यांचे हे नाते मुंबईच्या कलावंत शकुंतला कुलकर्णी यांनी आजच्या काळात निराळ्या साहित्यातून तपासले. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी वेताची, अंगावर घालता येणारी चिलखते घडविली आणि ती स्वतः परिधान करून मुंबईतील सार्वजनिक जागी छायाचित्रे काढून घेतली. २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातील भारतीय दालनात ही कलाकृती मांडली गेली.

टोपली, खुर्ची, पाळणा यांसाठी वापरला जाणारा हा घरगुती वेत. त्याचे चिलखत देहाचे रक्षण करते, पण हालचालही आखडते. म्हणून तेच पिंजरा ठरते.

व्यापारी घराला राखणीचे मोल ठाऊक असते. ऐवज तिजोरीत सुरक्षित राहतो. लेक-सून मात्र ऐवज नव्हे. तिच्या नावाने खाते उघडले जाते, पण धनादेशावर सही कोणाच्या इच्छेने होते? राखण कोठे संपते आणि कोंडणे कोठे सुरू होते, याचा हिशेब प्रत्येक घराने आपल्या उंबरठ्याच्या आत मांडावा.