दोन श्रेयांकांचा मान आणि आपले दायित्व

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांसमोर आणला. यादवनृपती सिंघणाच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आपल्या आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन अखंड चालावे, म्हणून त्याने मठ स्थापन केला. निकुंभवंशीय सोइदेवाने त्या मठास दान दिले. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल, त्यावरील राजाच्या उत्पन्नाचा भाग मठाला लावून देण्यात आला, आणि लेखातील हा व्यवहाराचा तपशील चक्क तत्कालीन मराठीत आहे. कोणते ग्रंथ शिकवायचे, कोठे शिकवायचे आणि त्याचा खर्च कोठून भागवायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच शिळेवर सापडतात.

आज या शिलालेखाचे स्मरण होण्यास कारण आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संमत केले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्यानुसार पदवीची नवी रचना लागू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्ये, भाषा, मूल्यशिक्षण अशा कप्प्यांत आता पदवी विभागलेली आहे, आणि या कप्प्यांत ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ या विषयालाही अधिकृत स्थान मिळाले आहे. कला, वाणिज्य वा विज्ञान, शाखा कोणतीही असो, विद्यार्थ्याला या विषयाचे दोन श्रेयांक मिळवावेच लागतात.

या घटनेचे मोल कमी लेखू नये. १८३५ साली मेकॉलेने पौर्वात्य विद्यांची जी अवहेलना केली, तिच्या छायेतच १८५७ ची मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे उभी राहिली. खुद्द मराठीला मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या धुरीणाला वर्षानुवर्षे झगडावे लागले. स्वातंत्र्यानंतरही भारतीय गणित, भारतीय राज्यशास्त्र, भारतीय तर्कशास्त्र हे विषय पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले ते बहुधा प्रस्तावनेतील एखाद्या परिच्छेदापुरतेच. ते दार आता उघडले आहे. प्रश्न आहे तो दारातून आत काय नेले जाते याचा.

थोडा हिशेब मांडू. एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तासांचे अध्यापन. दोन श्रेयांकांचे तीस तास झाले. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे सर्वांना समान असा हा भाग शंभरात दोनही भरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना याहून पुढे जातात. एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के भारतीय ज्ञानपरंपरेचे असावेत आणि त्यांतील निम्मे तरी विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाशी निगडित असावेत, यासाठी उत्तेजन द्यावे असे त्या सांगतात. १२० श्रेयांकांच्या पदवीत हे सहा श्रेयांक होतात. सक्ती दोनांची, उत्तेजन सहांचे! उरलेल्या चारांचे काय होते, हे प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या आस्थेवर अवलंबून आहे.

आणि त्या तीस तासांत तरी काय घडते? ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी पडतो, त्याच्याकडे हा विषय सोपवला जातो. त्याला स्वतःला तो कोणी शिकवलेला नसतो. चार वेद, सहा दर्शने, चौदा विद्या, चौसष्ट कला यांच्या याद्या फळ्यावर येतात. बाजारातील मार्गदर्शिका त्याच याद्यांचे बहुपर्यायी प्रश्न करून देतात. विद्यार्थी पाठ करतो, उत्तीर्ण होतो आणि विसरतो. मेकॉलेने आपल्या विद्येची उपेक्षा केली. आपण तिची प्रश्नपेढी केली, तर अधिक मोठे पाप कोणाचे?

दुसरा धोका आपल्याच घरातला आहे, म्हणून तो स्पष्ट सांगणे भाग आहे. उत्साहाच्या भरात प्रमाणाविना दावे करण्याची सवय आपल्यातील काहींना जडली आहे. ‘सगळे शोध आमच्या पूर्वजांनीच लावले’ या वाक्याने टाळ्या मिळतात, विद्यार्थी मिळत नाहीत. २००१ साली आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा सारा वाद फलज्योतिषाभोवती फिरत राहिला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अभ्यासक्रमांविरुद्धची याचिका फेटाळली खरी. पण न्यायालयात जिंकणे आणि वर्गात जिंकणे या भिन्न गोष्टी आहेत. त्या गदारोळात आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांचे गणित बाजूलाच राहिले.

वास्तविक आपल्याला अतिशयोक्तीची गरजच नाही. एका संख्येच्या वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग मिळावा, अशी ती संख्या कोणती? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने हे उदाहरण सोडवले आणि त्यांचे उत्तर आहे २२,६१,५३,९८०. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. गणिताच्या विद्यार्थ्याला दोन तासांत ही पद्धत स्वतः करून पाहता येते. एकदा हाताने केलेले ते गणित शंभर गौरवगीतांहून अधिक स्वाभिमान देईल.

वाणिज्य शाखेसाठी नाशिकची लेणी आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव तेथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर कोरून ठेवला. त्या व्याजातून लेण्यातील भिक्षूंना वस्त्रे आणि इतर खर्च मिळावा, अशी ती व्यवस्था होती. ठेव, व्याज, विश्वस्तवृत्ती आणि धर्मकार्य यांचा असा धडा बी.कॉम.च्या मुलाला सहलीतच मिळेल. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांसाठी कौटिल्य आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती तर मुंबई विद्यापीठानेच प्रकाशित केलेली आहे.

या सर्वाला ‘भगवेकरण’ म्हणणाऱ्यांना एकच सांगावे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली, १८१७ मध्ये कोलब्रुकने ती इंग्रजीत नेली. त्यांना जे वाचावेसे वाटले, ते आमच्या मुलांनी वाचले तर आकाश का कोसळावे?

म्हणून आता टीकाकारांना उत्तरे देण्यापेक्षा काम हाती घेण्याची वेळ आहे. अभ्यास मंडळांवर आणि विद्या परिषदेवर असलेल्या आपल्या बंधुभगिनींनी सर्वसाधारण याद्यांऐवजी प्रत्येक शाखेसाठी मूळ ग्रंथांतील वेचे, मराठी अनुवादासह, अभ्यासक्रमात आणावेत. निवृत्त संस्कृत शिक्षक, वैद्य, मूर्तिकार, स्थपती यांना वर्गात बोलवावे. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने आयोगाने २०२२ पासून अशा अनुभवी व्यक्तींसाठी वाट मोकळी केलेलीच आहे. संस्थाचालकांनी ग्रंथालयात चार मार्गदर्शिकांऐवजी चार मूळ ग्रंथ घ्यावेत. आणि पालकांनी, ‘या विषयाचा नोकरीला काय उपयोग?’ असे विचारण्याआधी, रात्रीच्या जेवणाला मुलीला, मुलाला विचारावे, ‘या तासाला आज काय शिकलात?’ उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाऊन तोच प्रश्न विचारावा.

पाटणच्या पेठेतील प्रत्येक विक्रीतून मठाकडे काही ना काही जात होते. विद्या टिकवण्याचा भार तेथे राजावर होता आणि बाजारहाट करणाऱ्या समाजावरही. शासनाने आज दोन श्रेयांक देऊन आपला वाटा उचलला आहे. समाजाचा वाटा अद्याप यायचा आहे.