खाज थांबली म्हणजे आजार गेला असे नाही

पावसाळा लागला की पुण्यात त्वचेच्या तक्रारी वाढतात. दिवसभर अंगावर राहिलेले ओलसर कपडे, रेनकोटच्या आत साचलेला घाम, घरातल्या एकाच दोरीवर अर्धवट वाळलेले सगळ्यांचे टॉवेल यातून जांघेत, काखेत, कमरेभोवती खाज सुरू होते. वारजे-माळवाडी, कर्वेनगर, शिवणे भागातल्या बांधकाम मजुराने किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने त्यासाठी सरकारी रुग्णालयात रांग लावायची, तर एका दिवसाची मजुरी बुडते. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणणे सोपे. ट्यूब मिळते आणि दोन-तीन दिवसांत खाज थांबतेही. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड जंतू मारत नाही. ते त्वचेचा दाह कमी करते, म्हणजे लाली, सूज आणि खाज उतरवते. दाह हाच मूळ आजार असेल, उदाहरणार्थ इसब, तर ते उत्तम औषध आहे. पण खाजेचे कारण बुरशी, म्हणजे गजकर्ण किंवा नायटा असेल, तर दाह हा शरीराने त्या बुरशीला केलेला प्रतिकार असतो. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबते. वरून त्वचा शांत दिसते आणि आत बुरशी पसरत राहते. गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसट होते आणि डॉक्टरांनाही निदान करणे अवघड जाते. वेश पालटलेल्या अशा गजकर्णाला वैद्यकशास्त्रात १९६८ पासून ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नाव आहे.

बाजारात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन औषधे एकत्र असलेली मलमे मिळतात. ‘काहीही असले तरी एक औषध लागू पडेल’ हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात स्टेरॉइडमुळे चार दिवसांत खाज थांबते आणि रुग्ण ट्यूब बाजूला ठेवतो. बुरशीनाशक मात्र काही आठवडे लावावे लागते. अर्धवट उपचारात तग धरलेली बुरशी पुन्हा उसळते, पुन्हा तीच ट्यूब येते आणि टॉवेल-चादरींतून घरातल्या इतरांनाही लागण होते.

याचे परिणाम आता देशाबाहेरही दिसत आहेत. गेल्या दशकात भारतात गजकर्ण हट्टी झाले. पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या टर्बिनाफिन या गोळीला अनेक रुग्ण दाद देईनासे झाले. यामागच्या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिले. नावातच भारत आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांची नोंद जाहीर केली, ती त्या देशातली पहिली. ही बुरशी फोफावण्यात स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या बेसुमार वापराचा हात असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

गोरेपणाची महागडी किंमत

दुसरा गैरवापर चेहऱ्यावरचा. देशातील अनेक शहरांतून चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या २९ टक्के लोकांनी ते गोरेपणासाठी किंवा रोजचे साधे क्रीम म्हणून वापरले होते आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते.

सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे उठतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. क्रीम बंद केले की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. हे चक्र मोडायला त्वचारोगतज्ज्ञाची मदत आणि अनेक महिने लागतात. जांघेत किंवा काखेत तीव्र मलम लावून पडलेले पांढरट ताणाचे व्रण तर कायमचे राहतात.

भीतीही तितकीच घातक

अशा बातम्या वाचून काही सुशिक्षित घरांत उलटे घडते. बाळाला इसब आहे, डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड लिहून दिले आहे, पण आई-वडील ते लावत नाहीत किंवा नावापुरते बोट फिरवतात. मूल रात्रभर खाजवते, झोपत नाही, खाजवलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो. शेवटी जास्त तीव्र औषध द्यावे लागते. योग्य निदान झालेल्या इसबात योग्य तीव्रतेचे मलम पुरेसे लावून दाह लवकर आटोक्यात आणणे आणि मग थांबणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. त्याच्या जोडीला रोज मॉइश्चरायझर हवेच. हायड्रोकॉर्टिसोन १९५२ पासून त्वचेवर वापरले जात आहे. औषध तेच असते. कोणत्या आजारासाठी, कुठे, किती आणि किती दिवस लावले, यावर गुण किंवा अपाय ठरतो.

तीव्रता पाहा. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर क्लोबेटासोल त्याच्या शेकडो पट तीव्र आणि ते सलग दोन आठवड्यांहून जास्त लावायचे नसते. जागाही महत्त्वाची. हाताच्या कातडीतून जेवढे हायड्रोकॉर्टिसोन आत जाते, त्याच्या सुमारे सहा पट कपाळातून आणि चाळीसहून अधिक पट अंडकोषावरच्या कातडीतून जाते. तळपायातून मात्र फारच कमी. म्हणून तळपायाच्या जाड इसबाला दिलेली ट्यूब चेहऱ्याला, जांघेत किंवा बाळाच्या लंगोटाच्या जागी लावणे धोक्याचे. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास काचबिंदूचीही भीती असते.

प्रमाणासाठी सोपे माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा लावणे पुरेसे असते. जास्त वेळा लावून गुण लवकर येत नाही. आधीपासून बराच काळ तीव्र मलम लावत असाल, तर ते अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

नियम आहे, पाळतो कोण?

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांचा समावेश ‘शेड्यूल एच’मध्ये केला. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याआधी बाहेरून लावायच्या औषधांबाबत नियमात संदिग्धता होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली आणि त्यात स्टेरॉइडमिश्रित काही मलमेही होती. कागदावर हे पुरेसे आहे. अंमलबजावणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. पण ‘खाजेची ट्यूब’ आजही सहज मिळते.

दोष एकट्या औषधविक्रेत्याचा नाही. चिठ्ठीवर ‘किती दिवस, कोणत्या जागी’ हे न लिहिणारे डॉक्टरही त्यात येतात. तीच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर ट्यूब घेतली जाते आणि शेजारणीलाही दिली जाते. ट्यूबवरची घटकांची नावे बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये अशा मलमांवर सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र असे स्पष्ट छापण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडेही ते, तेही मराठीत, व्हायला हरकत नाही. आणि संध्याकाळी चालणारी त्वचारोग ओपीडी वस्तीजवळच्या महापालिका दवाखान्यात मिळाली, तर मजुरी बुडवण्याचा प्रश्नच राहणार नाही.

तोवर घरातल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव आहे का, ते पाहावे. असेल, तर ती कोणासाठी आणि कोणत्या आजारासाठी दिली होती ते आठवावे. आठवत नसेल, तर ती लावू नये. घरात एकापेक्षा जास्त जणांना खाज असेल आणि ती रात्री वाढत असेल, तर खरूजही असू शकते. अशा वेळी सगळ्यांनी एकत्र तपासून घ्यावे.