सॅक, एसटी आणि चार दिवस

परवा गुडलकमध्ये बन-मस्का खाता खाता ग्रुपमधल्या एकाने बॉम्ब टाकला. ‘जानेवारीत व्हिएतनाम! फुल बॅकपॅकिंग. येतोस?’ लगेच मोबाइलवर ब्रोशर हजर. पहिलीच ओळ : प्राचीन परंपरा आणि आधुनिक शहरांचा देश. मी मनातल्या मनात बँक बॅलन्स आठवला आणि म्हटलं, ‘अरे, ते मी गेल्याच महिन्यात करून आलो. वाकडेवाडीच्या स्टँडवरून.’

टेबलावर हशा. हसा लेको!

एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ नावाची स्कीम आहे. १९८८ पासूनची. टेबलावरच्या एकालाही ती माहीत नव्हती. फंडा सिंपल. चार नाहीतर सात दिवसांचा पास काढायचा आणि महाराष्ट्रभर एसटीने भटकायचं. मी चार दिवसांचा काढला. रूट मात्र दोन हजार वर्षं जुना. सातवाहनांच्या काळात पैठणहून माल जुन्नरला यायचा आणि नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जायचा. मी तीच वाट धरली, फक्त उलटी.

पहिला दिवस जुन्नर. लेण्याद्रीला लहानपणी अष्टविनायक यात्रेत आजीबरोबर आलो होतो, पण दमवणाऱ्या पायऱ्यांपलीकडे काही आठवत नव्हतं. या वेळी नीट बघितलं. गणपती बसलाय ते ७ नंबरचं लेणं म्हणजे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार! आजीने हात जोडले तिथेच आधी कुणीतरी ध्यान लावून बसायचं. भारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाटघरची गाडी पकडून नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी दगडाचा भलामोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात पडायची म्हणतात. म्हणजे टोलनाका तेव्हाही होताच! शेजारच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. कुठल्या यज्ञात किती दान दिलं, सगळं आकड्यांसकट. आपल्या अंकांची इतकी जुनी रूपं फार कमी ठिकाणी दिसतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज वर नावं आहेत आणि खाली नुसत्या पावलांच्या खुणा. मी तिथे इतका रमलो, की परतीची एसटी गेली.

गावात एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘गेली की रं कवाच. आता मुक्कामी गाडी यील, ती सकाळीच निघंल. बस, च्या घे.’ संध्याकाळी ती गाडी आली आणि दप्तरं घेतलेल्या मुली उतरल्या. त्यातली एक आजींची नात. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा फुकट पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतला. मी म्हटलं, ‘बरंय की आजी, शाळेची सोय झाली.’ आजी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘हिची झाली. थोरलीची ऱ्हायली.’

२०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आठवतोय? खरं सांगतो, मला बातमीपलीकडे काही आठवत नव्हतं. आपल्याकडे टू-व्हीलर असते, कॅब असते. इथे महिनोन् महिने गाडीच नव्हती. थोरलीची शाळा तेव्हा सुटली, ती परत गेली नाही. पुढे लग्न करून दिलं.

रात्री पडवीत झोपलो. सकाळी त्याच गाडीत मुलींबरोबर मीही. कंडक्टरने सगळ्यांचे पास बघितले, माझाही. आजींची नात डोकावून म्हणाली, ‘दादा, तुमचा कुठपर्यंतचा?’

‘कुठेही जा.’

‘मुंबईलापन?’

‘मुंबईलापण.’

तिने माझा पास हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. ‘माझा जुन्नरपर्यंतच.’

पुढचा प्रवास मस्तच झाला. आळेफाटा, अहिल्यानगर करत संभाजीनगर. वाटेत वाळूजच्या फॅक्टऱ्या, शहरात मॉल आणि फ्लायओव्हर. घ्या, ब्रोशरमधलं आधुनिक शहर! चौथ्या दिवशी पैठण. एकनाथांची समाधी, नाथसागर आणि मागावर बसून एकेक बुट्टा भरणारे पैठणीचे कारागीर. एका भारी साडीला कित्येक महिने जातात. पण डोक्यात ‘जुन्नरपर्यंतच’ घोळत होतं.

कुणाला जायचं असेल, तर टिप्स. आयकार्ड आणि फोटो बरोबर ठेवा. पास असला तरी सीट मिळेलच असं नाही, तेव्हा रिझर्व्हेशन वेगळं करा. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा मुलींनो, पास स्वस्त की तिकीट, आधी बेरीज करा. आणि खेड्यातली शेवटची गाडी किती वाजता, हे उतरतानाच कंडक्टरला विचारा!

परतीचा नगर-पुणे रस्ता म्हणजे १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली तोच. त्या रस्त्यावर आजवर मी लाल डब्याला शिव्याच घातल्या. खडखडतो, धूर सोडतो, ओव्हरटेक करू देत नाही. या वेळी खिडकीत बसून म्हटलं, जाऊ दे त्याला पुढे. त्याच्यात कुणीतरी शाळेला निघालं असेल.