कागदावर ऑफिस, रात्री पलंग

अमेरिकेतल्या मराठी घरांत बेसमेंट ‘फिनिश’ करायला काढलं की एक सल्ला हमखास मिळतो: “प्लॅनमध्ये बेडरूम लिहूच नका, ऑफिस लिहा.” ऑफिस लिहिलं की त्या खोलीची एग्रेस विंडो, म्हणजे संकटात बाहेर पडायची खिडकी, टळते. काँक्रीटची भिंत कापायचे काही हजार डॉलर वाचतात. मग त्या ऑफिसात क्वीन साइझचा पलंग येतो आणि पुण्याहून आलेले आई-बाबा सहा महिने तिथे झोपतात. या चतुराईचं समर्थन मी इतक्या जणांकडून, इतक्या जेवणावळींत ऐकलंय की आता एकदा मुद्देसूद भांडावंसं वाटतं.

“हे आकडे कुणीतरी टेबलाशी बसून काढलेत, परमिटच्या फीसाठी,” हा पहिला आक्षेप. तर आकडेच बघू. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही एक नमुना-संहिता आहे; राज्यं आणि गावं तिच्यात आपापले फेरफार करून ती लागू करतात. तिच्यानुसार बेसमेंटमधल्या झोपायच्या प्रत्येक खोलीला थेट बाहेर उघडणारी खिडकी किंवा दार हवं. उघडल्यावर मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, बाहेरच्या जमिनीच्या पातळीजवळ असेल तर ५. उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीचा खालचा काठ फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. आता २० आणि २४ यांचा गुणाकार करा. ४८० चौरस इंच, म्हणजे जेमतेम ३.३ चौरस फूट. नापास! खिडकी २४ इंच उंच ठेवायची तर ५.७ गाठायला रुंदी ३४ इंचांहून थोडी जास्तच लागते. टेबलाशी बसून फी गोळा करणारा माणूस असा खोडसाळ हिशेब कशाला मांडेल? कारण असं की या खिडकीतून तुम्ही बाहेर पडायचं असतं, तसं पाठीवर हवेचं सिलिंडर घेतलेल्या फायरमननं आतही यायचं असतं. तुम्ही धुरानं बेशुद्ध पडलात तर दुसरंच महत्त्वाचं.

यावर कुणीतरी हुशार माणूस कॅनडा काढतो. तिथल्या राष्ट्रीय संहितेत ०.३५ चौरस मीटर पुरतं, फक्त कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे पावणेचार चौरस फूट. मग अमेरिकेचं ५.७ कशाला? माप किती हवं यावर वाद जरूर घाला, मी बसतो ऐकायला. पण ‘ऑफिस’ लिहिणाऱ्याचं माप शून्य आहे. दोन देशांच्या आकड्यांतल्या फरकाचा आडोसा त्यानं घेऊ नये.

“जिना आहे की!” हा दुसरा, आणि सगळ्यात लोकप्रिय. बेसमेंटमध्ये आणखी काय काय असतं ते आठवा: फर्नेस, वॉटर हीटर, कपड्यांचा ड्रायर, दिवाळीच्या सामानाची खोकी. आग तिथे लागली तर ती पलंग आणि जिना यांच्या मधोमध असू शकते, आणि जिना म्हणजे तयार धुराडंच. आग वरच्या स्वयंपाकघरात लागली तर जिन्याचं वरचं तोंड बंद. वेळही आपल्याला वाटतो तितका नसतो. यूएल या संस्थेनं दोन दिवाणखाने सजवून पेटवून पाहिले आहेत. आजच्या फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या फर्निचरनं भरलेली खोली चार मिनिटांच्या आत सगळीच्या सगळी भडकली. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या फर्निचरच्या खोलीला जवळपास अर्धा तास लागला. स्मोक अलार्म आहे म्हणता? असायलाच हवा. तो उठवतो. उठून जायचं कुठे, हे काही तो सांगत नाही.

चोरांची भीती मात्र आपण मुंबईहून बरोबर आणलेली. खिडकीला गज नाहीत म्हणजे घर उघडंच, असं आपल्याला वाटतं, आणि तिकडे बॉक्स ग्रिलमध्ये तुळस, सायकल, जुने डबे असा संसार थाटलेला असतो. संहितेचा गजांना विरोध नाहीच. किल्ली, हत्यार किंवा खास युक्ती न लागता, जास्त जोर न लावता आतून उघडणारी जाळी खुशाल बसवा. कुलूप लावून किल्ली वरच्या मजल्यावरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, एवढंच मागणं आहे.

“चाळीस वर्षांत काही झालं नाही” या वाक्याला उत्तर देत नाही. ते ज्यांच्याकडे झालं ते वाद घालायला उरत नाहीत.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो जेवणावळीत कुणी काढत नाही. न्यू यॉर्कमध्ये हजारो माणसं बेकायदा तळघरांत भाड्यानं राहतात, कारण दुसरं परवडत नाही. नियम कडक लावला तर त्यांना खोली सोडून रस्त्यावर यावं लागेल. हे खरं आहे. म्हणून घरमालकाला भिंत कापायला कर्ज द्या, मुदत द्या, तोवर भाडेकरूला हाकलू नका. पण गरिबाला स्वस्तात मरायची मुभा देणं ही काही दया नव्हे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांनाही टोकतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाच्या अवशेषांनी सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस ओतला. शहरात १३ जण गेले, त्यातले ११ तळघरांत. खिडकीचे पुरस्कर्ते हा दाखला सर्रास देतात, आणि तो चुकीचा देतात. पुराच्या पाण्यात खिडकीबाहेरचा खड्डा, म्हणजे विंडो वेल, आधी भरतो आणि पाणी त्याच खिडकीतून आत घुसू शकतं. ही खिडकी मुख्यतः आगीवरचं उत्तर आहे. पाण्यावरची उत्तरं म्हणजे वेळेत मिळालेली सूचना, वर धावणं, आणि पूर येणाऱ्या जागी तळघरात न झोपणं. विंडो वेलचा निचरा पायाभोवतीच्या ड्रेनला जोडायला संहिता सांगते, पण त्या रात्रीसारख्या पावसापुढे तो पाइप काय पुरणार?

म्हणून खिडकी करायचीच तर समजून करा. सरकती खिडकी घेऊ नका असं नाही, पण तिची अर्धीच बाजू उघडते. चार फुटी दिसते, दोन फुटी निघते. बिजागऱ्यांवर दारासारखी उघडणारी केसमेंट या कामाला उत्तम. विंडो वेल किमान ९ चौरस फुटांची, भिंतीपासून ३६ इंच बाहेर आलेली हवी. त्या खड्ड्याची खोली ४४ इंचांपेक्षा जास्त असेल तर कायमची शिडी किंवा पायऱ्या हव्यात. त्यावर जाळीचं झाकण घातलंत तर तेही आतून ढकलता आलं पाहिजे.

आणि तो ४४ इंचांचा काठ. म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर. तरण्या माणसाला ठीक. मागच्या उन्हाळ्यात एका मित्राकडे नवी कोरी, सगळ्या मापांत पास झालेली खिडकी कौतुकानं दाखवली गेली. त्याची आई तिथे झोपते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. म्हटलं, “काकू, जरा चढून बघता का?” त्या हसायला लागल्या. “अरे, मी काय चोर आहे खिडकीतून जायला?” पण गेल्या काठापर्यंत. हात टेकला, पाय उचलला, आणि पाय तिथेच राहिला. मित्र गप्प झाला.

पुढच्या आठवड्यात खिडकीखाली दोन रुंद पायऱ्यांचा लाकडी चौथरा आला, भिंतीला पक्का ठोकलेला, बाजूला धरायला दांडा. काकूंनी त्यावर लगेच कुंड्या मांडल्या. सध्या आमचं भांडण त्या कुंड्यांवरून चालू आहे.