सुरतचे रत्नकलाकार आणि गोळीचे पहिले तीन आठवडे

सुरतच्या हिरे उद्योगातील मंदीची नोंद आता केवळ निर्यातीच्या आकड्यांत होत नाही. गुजरातमधील डायमंड वर्कर्स युनियनने जुलै २०२४ मध्ये रत्नकलाकारांसाठी आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन सुरू केली. आधीच्या सोळा महिन्यांत ६० हून अधिक कामगारांनी जीवन संपवल्याचे त्या वेळी संघटनेने सांगितले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि उरलीसुरली आशाही डळमळली. नैराश्याचे मूळ एकट्या बेकारीत नसते, हे खरे. पण हाताला काम नसणे त्याला खतपाणी घालते.

अशा अवस्थेतून जे मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचतात, त्यांची खरी परीक्षा औषधाची चिठ्ठी हाती पडल्यावर सुरू होते. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, क्वचित अधिक काळ लागतो. त्रास मात्र आधी येतो. मळमळ, डोकेदुखी, कुणाची झोप उडते, कुणाला दिवसभर गुंगी राहते, काहींच्या हातांना सूक्ष्म कंप सुटतो. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत ओसरतो. कचेरीत बसणारा तो सोसू शकेल. घंटीवर हिऱ्याचे पैलू पाडणाऱ्याची मजुरी नगावर ठरते. नजर जड झाली वा बोट थरथरले, तर त्या दिवसाची कमाईच घटते. गुण येण्याआधी पगार जातो, म्हणून गोळी बंद होते. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

लैंगिक इच्छा मंदावल्याची तक्रार तर बहुधा डॉक्टरांपुढे उच्चारलीच जात नाही. दिवाळीच्या लांब सुट्टीत कामगार अमरेली-भावनगरकडे गावी जातात, लिंबायत-उधन्यातील मराठी कामगार खानदेशात. तिथे गोळ्या संपतात. औषध अचानक थांबले की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव होऊ शकते. मग ‘सवय लागली’ असा समज पक्का होतो. वस्तुतः ही औषधे व्यसन लावणारी नव्हेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात, आणि बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने घ्यावी लागतात.

गोव्याच्या वाचकाला येथे दोन अभ्यास आठवावेत. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील चाचणीत फ्लुओक्झेटिन दोन महिन्यांअखेर निष्प्रभ गोळीपेक्षा सरस ठरले. २०१० च्या ‘मानस’ चाचणीत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना आजार समजावून सांगितला, त्यांचा पाठपुरावा केला. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा लाभ दिसून आला. गुजरात सरकारने मे २०२५ मध्ये रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली, तिचा भर मुलांच्या शाळेच्या शुल्कावर व लहान कारखान्यांच्या व्याज-विजेवर होता. ती आवश्यकच होती. पण तिसऱ्या आठवड्यात ‘गोळी चालू आहे ना?’ असे विचारणारा माणूस त्या मदतीत कोणत्या रकान्यात बसतो?

केंद्राची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि गुजराती व मराठीतही बोलता येते. औषधाच्या सुरुवातीच्या काळात अस्वस्थता वा जीव देण्याचे विचार वाढल्यास, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांनी, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते.