उत्तरपत्रिका तीच, गुण वेगळे

मंडळी, आजचा विषय बेसबॉल. दचकू नका! मी निवृत्त झाले त्याच वर्षी, २००६ साली, लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहिले आणि नातवाच्या नादाने हा खेळ पाहायला शिकले. तेव्हा न्यूयॉर्क मेट्समध्ये बिली वॅग्नर नावाचा डावखुरा होता. तेव्हापासून तो माझा लाडका.

जानेवारी २०२५ मध्ये त्याची 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवड झाली. सगळे आनंदले. मलाही आनंद झाला, पण राग काही गेला नाही. का, ते सांगते.

वॅग्नर होता रिलीफ पिचर. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. तीन गडी बाद झाले की संघाची एक इनिंग संपली. आपला संघ थोडक्या धावांनी पुढे असताना शेवटच्या इनिंगला येऊन ती आघाडी राखायची, हे त्याचं काम. आघाडी राखली की खात्यावर एक 'सेव्ह'. आपल्याकडे शेवटची ओव्हर टाकणाऱ्याची जी अवस्था असते, ती याची रोजचीच. एक चेंडू चुकला की सहकाऱ्यांची तीन तासांची मेहनत पाण्यात. असे ४२२ सेव्ह त्याने केले.

आमचे जावईबापू म्हणतात, "आई, पण सोळा हंगामांत त्याने टाकल्या फक्त ९०३ इनिंग. एवढ्याशा कामाला एवढा मोठा मान?" मतदान करणाऱ्या पत्रकारांपैकी अनेकांचंही हेच म्हणणं होतं.

अहो, मीठसुद्धा चमचाभरच लागतं! आणि शेवटची एकच इनिंग टाकायची हे ठरवलं कोणी? संघांनी. भूमिका तुम्हीच आखून द्यायची, 'सेव्ह' १९६९पासून अधिकृतपणे तुम्हीच मोजायचे आणि मानाची वेळ आली की काम कमी पडलं म्हणायचं, हा कुठला न्याय?

बरं, त्या ९०३ इनिंगमध्ये केलं काय? स्ट्राइकआउट ११९६. म्हणजे बाद झालेल्या दर शंभरांतले सुमारे चव्वेचाळीस त्याने एकट्याच्या जोरावर बाद केले. नऊ इनिंगमागे त्याच्या खाती पडलेल्या धावा सरासरी २.३१. थोर मारियानो रिवेराची सरासरी २.२१. रिवेराने जवळजवळ ३८० इनिंग जास्त टाकल्या, तरी त्याचे स्ट्राइकआउट ११७३, म्हणजे वॅग्नरपेक्षा कमीच. २०१९ साली रिवेराला ४२५ पैकी ४२५ मतं पडली. त्याच वर्षी वॅग्नरला १६.७ टक्के!

रिवेराचा मान रास्तच आहे. हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या सामन्यांत त्याची सरासरी ०.७०, तर वॅग्नरची दहाच्या वर. ही वॅग्नरची उणी बाजू, ती लपवायचं कारण नाही. पण त्या सामन्यांत त्याच्या इनिंग जेमतेम बारा. ९०३ इनिंग 'फार थोड्या' म्हणणाऱ्यांनी बाराच इनिंगवर माणसाला नापास करावं?

आता माझ्या रागाचं खरं कारण. २०१६ साली पहिल्या मतदानात त्याला १०.५ टक्के मतं मिळाली. पुढे १०.२, ११.१ असं रडतखडत २०२४ला ७३.८. लागतात ७५, पाच मतं कमी पडली. २०२५ला दहावी आणि शेवटची संधी, तेव्हा ८२.५! पण तो निवृत्त झाला २०१० साली. त्यानंतर त्याने व्यावसायिक सामन्यात एक चेंडूही टाकला नाही. म्हणजे एकच उत्तरपत्रिका दहा वेळा तपासली. पहिल्यांदा दहा गुण आणि शेवटी ब्याऐंशी. इतकी वर्षं शिकवल्यावर मी एवढं नक्की सांगू शकते, की अशा वेळी विद्यार्थ्याकडे नाही, तपासनिसाकडे बघायचं असतं.

आणि विद्यार्थी कसा? जन्माने उजखोरा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्या हाताने फेकायला शिकला. उंची पाच फूट दहा इंच, पण चेंडू ताशी १६० किलोमीटरचा. शेवटच्या हंगामातही ३७ सेव्ह आणि सरासरी १.४३. हात अजून चालत असताना घरच्यांसाठी खेळ सोडला आणि पुढे व्हर्जिनियात शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवू लागला. (इथे मी पक्षपाती आहे, शाळेत शिकवणारा माणूस मला आवडणारच!)

त्याला दहा वर्षं दाराबाहेर थांबावं लागलं, यात कमीपणा त्याचा नाही, मोजणाऱ्यांचा आहे. तास मोजणं सोपं असतं, कस मोजायला डोळे लागतात.

असो. जावईबापू, उत्तर खाली जरूर लिहा. पण येताना आकडे घेऊन या!